आमच्या सोसायटीच्या एसटीपीची देखभाल : अकरा महिन्यांचा अनुभव

आमची सोसायटी बाणेरला, रामनदीपासून चालत दहा मिनिटांवर. १६८ फ्लॅट, साधारण ६०० माणसं. बेसमेंटच्या मागच्या कोपऱ्यात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. सगळे त्याला एसटीपी म्हणतात आणि बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नाही. मी कमिटीत खजिनदार आहे, त्याआधी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गेल्या जूनमध्ये आम्ही या प्लांटची देखभाल करणारी कंपनी बदलली. आता करार पुन्हा करायचा की नाही हे ठरवायची वेळ आली, म्हणून सगळा अनुभव एकदा नीट लिहून काढतेय. नव्या सेवेला पाचपैकी चार देईन.

नाव मात्र कोणाचंच लिहिणार नाही, जुन्यांचंही नाही आणि नव्यांचंही. हे काम प्लांटवर उभ्या असलेल्या माणसावर चालतं. तोच ठेकेदार एका सोसायटीत चोख असतो आणि पलीकडच्या रस्त्यावर ढिला. तुम्ही कोणालाही नेमा, काय बघायचं ते माझ्या अनुभवातून कळलं तर पुरे.

जुन्या ठेक्याचं आधी सांगते, नाहीतर चार गुण का दिले ते कळणार नाही. सहा वर्षं तीच कंपनी होती. महिन्याला ३४ हजार. दर महिन्याला लॅबचा अहवाल यायचा, त्यावर बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या घाणीचं माप, ८. मे महिन्यात ८, दिवाळीत ८, भर पावसातही ८. आमच्या संमतीपत्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाने १० च्या आत म्हटलंय, म्हणून अहवाल फाइलला लागायचा आणि विषय संपायचा. मीही सह्या केल्यात त्या फाइलवर.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एकदा पहाटे साडेपाचला सोमेश्वराच्या देवळात निघाले होते. मागच्या गेटजवळ पावसाळी गटाराचं चेंबर आहे. तिथून पाण्याचा आवाज येत होता. चार महिने पावसाचा थेंब नाही आणि गटार वाहतंय. वॉचमनला बोलावून झाकण उचलायला लावलं. राखाडी पाणी, वर साबणाचा फेस, आणि वास लपण्यासारखा नव्हताच. तशीच बेसमेंटमध्ये गेले. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद, ऑपरेटरचा पत्ता नाही आणि कच्चं पाणी परस्पर बाहेर सोडायचा बायपासचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. टेबलावर लॉगबुक होतं. त्यात त्या दिवशीची संध्याकाळी सहाची नोंद पहाटेच भरून ठेवलेली : पीएच ७.२, प्राणवायू २.१, पाणी स्वच्छ, वास नाही. हात थरथरायला लागले माझे. ३१ वर्षं मुलांना सांगत आले की आधी मोजा, मग लिहा.

ब्लोअर बंद ठेवला की विजेचं बिल कमी येतं, हे त्यामागचं सरळ गणित. आमच्या प्लांटला लागणाऱ्या विजेतली निम्म्याहून जास्त तो एक ब्लोअर खातो. रात्री अकरानंतर तो बंद करायचा, कच्चं पाणी बायपासने पावसाळी गटारात सोडायचं, सकाळी सातला सगळं पूर्ववत. कमिटीतल्या कोणीतरी कधीतरी "बिल जरा कमी करा" म्हटलं होतं, असं जुन्या कंपनीने मला तोंडावर ऐकवलं. तसं म्हटलंही असेल. पण बिल कमी करायला सांगणं म्हणजे नदीत मैला सोडायला सांगणं नव्हे.

मला हे इतकं का लागलं, तेही सांगते. माझं माहेर राहू बेटातलं, दौंड तालुका. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला भीमा. आमच्या चेंबरमधलं पाणी रामनदीत जातं, रामनदी मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला, आणि पुढे ही जोडनदी मुंढवा ओलांडून दौंडच्या शिवारातून वाहत रांजणगाव सांडसला भीमेत जाते. भीमेवर खाली उजनी आहे आणि उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. लहानपणी आम्ही नदीच्या वाळूत हाताने झिरा उकरायचो आणि त्यातलं पाणी वाटीने हंड्यात भरायचो. तेच प्यायचं पाणी. आता तिथे भाऊ मोटर लावायला उतरतो तेव्हा गुडघ्यापर्यंत जलपर्णी बाजूला करावी लागते, आणि वर आल्यावर पाय खाजतात म्हणून घरी येऊन आधी साबणाने धुतो. मी बाणेरात फ्लश ओढते आणि ते त्याच्या उसाला जातं. नकाशावर बघायची गरज नाही, मी त्या नदीच्या दोन्ही टोकांना राहिलेय.

तर मार्चच्या जनरल बॉडीत ठराव झाला, तीन कंपन्या बोलावल्या, आणि जूनपासून नवे आले. बाकीच्या दोघांनी ऑफिसात बसून कोटेशन दिलं. यांचा इंजिनिअर, पस्तिशीची एक मुलगी, सरळ प्लांटवर गेली. टाकीतलं पाणी एका बाटलीत घेतलं, उजेडात धरलं, हुंगलं आणि म्हणाली, "काकू, ही टाकी मेलेली आहे. पहिला महिना मी रिपोर्टबद्दल काही कबूल करणार नाही." तिथेच मी मनात ठरवलं.

मेलेली म्हणजे काय, तर एसटीपी हे यंत्र कमी आणि गोठा जास्त. आधी जाळीत कचरा अडतो, मग तेल-तूप वेगळं काढायची टाकी, मग साठवण टाकी. खरं काम पुढच्या एरेशन टाकीत. तिथे कोट्यवधी जिवाणू मैला खाऊन जगतात आणि त्यांना श्वासाला हवा लागते, ती ब्लोअर तळातल्या डिफ्यूझरमधून सोडतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला या जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. कच्च्या मैलापाण्यात तो लिटरला २००-३०० मिलिग्रॅम निघतो. हे खाणं आमच्या टाकीत झालं नाही तर ते नदीत होतं, आणि तिथला प्राणवायू माशांच्या वाटचा असतो. रोज रात्री आठ तास हवा तोडली की हवेवर जगणारे जिवाणू मरतात, टाकी काळी पडते आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. आमच्याकडे ए विंगच्या पहिल्या मजल्यावरचे लोक सहा वर्षं खिडक्या लावून जेवत होते.

नव्यांनी पहिल्या आठवड्यात बायपासच्या व्हॉल्व्हला साखळी-कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. काही कारणाने उघडायचाच झाला तर कमिटीतला माणूस समोर हवा आणि रजिस्टरला वेळ लिहायची. मग काळा गाळ टँकरने उपसला. डिफ्यूझर बाहेर काढले तर ४० पैकी १७ बंद. ते बदलले. एका चालू प्लांटमधून जिवंत गाळाचा टँकर आणून टाकीत विरजण घातलं. जिवाणूंना सुरुवातीला खाऊ म्हणून गूळ टाकतात. इंजिनिअर बाजारातून आणणार होती, पण भावाचं गुऱ्हाळ आहे, मी तिथून दोन ढेपा मागवल्या. भावाने कारण विचारलं. सांगितलं तर म्हणाला, "ताई, मग चार ने."

पहिले दहा-बारा दिवस टाकीवर पांढराशुभ्र फेस आला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरायला लागले की नवे तर जुन्यांपेक्षा वाईट. नव्या टाकीला तसा फेस येतोच, जिवाणू वाढले की आपोआप बसतो. तिसऱ्या आठवड्यात बसला. पाण्याचा रंग चॉकलेटी झाला आणि वास पहिल्या पावसानंतरच्या ओल्या मातीसारखा. वर्गात शिकवलेलं इतकं नीट डोळ्यांसमोर मी पहिल्यांदा पाहिलं.

आता बरणीची गोष्ट, कारण या सगळ्यात सर्वात उपयोगाची तीच. ऑपरेटरच्या टेबलावर खुणा केलेला एक लिटरचा काचेचा सिलिंडर असतो, त्यालाच आम्ही बरणी म्हणतो. रोज सकाळी नऊला ऑपरेटर ती एरेशन टाकीतून भरून घेतो आणि मोबाइलवर ३० मिनिटं लावतो. सुरुवातीला सगळं एकसारखं गढूळ. पाचेक मिनिटांत वरच्या बाजूला बोटभर पाणी निवळतं, मग गाळाचे पुंजके एकमेकांना धरून हळूहळू खाली सरकतात, दूध फाटल्यावर चोथा आणि निवळी वेगळी होते तसे. अर्ध्या तासाने गाळ ३०० मिलिलिटरच्या खुणेपाशी बसलेला आणि वरचं पाणी इतकं नितळ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. गाळ १०० च्या खाली असेल तर जिवाणू कमी पडलेत. ६००-७०० वर अडकला तर गाळ काढायची वेळ झाली, किंवा तो नीट बसत नाहीये. वरचं पाणी धुरकट असेल तर टाकी आजारी आहे. याला लॅब नको, रसायन नको. काच आणि घड्याळ. माझी एवढीच विनंती आहे की तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल तर या आठवड्यात खाली जा आणि ऑपरेटरला म्हणा, "बरणी लावून दाखवा." त्याला बरणी सापडली नाही तर तुमच्याकडचे अहवाल पुन्हा एकदा काढून वाचा.

आमचा ऑपरेटर नांदेडकडचा, चोविशीचा. आल्या दिवसापासून बरणीचा फोटो रोज ग्रुपवर टाकतो. दिवाळीच्या आधी सलग दोन दिवस बरणीतलं वरचं पाणी धुरकट आलं आणि त्याने स्वतःहून मला वर येऊन गाठलं. "काकू, लोकं बाथरूमला ॲसिड टाकतायत का?" टाकतच होते. साफसफाईचा आठवडा, १६८ घरांतून ॲसिड आणि जंतुनाशकं एकदम खाली आली. जंतुनाशक चांगल्या-वाईट जंतूत फरक करत नाही. त्यावर फराळाचं तळण : चकलीचं, शंकरपाळ्याचं उरलेलं तेल सिंकमध्ये. तेलाच्या टाकीवर चार बोटं जाड पिवळी साय आली होती, ती त्याने झाऱ्याने काढताना मी पाहिली. त्याच संध्याकाळी प्रत्येक लिफ्टमध्ये नोटीस लावली, आणि तेलासाठी क्लब हाउसपाशी पत्र्याचा डबा ठेवला. आठवड्यात ४० लिटर जमलं. टाकी आठव्या दिवशी सावरली. हे ज्याच्या लक्षात आलं त्या मुलाला मी कंपनीपेक्षा वरचे गुण देईन.

सुरक्षेबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. जुन्या ठेक्यात एकदा साठवण टाकीतला पंप चोकअप झाला. खाली गेले तर दोन मजूर टाकीच्या तोंडाशी उभे, एकाने शर्ट काढलेला, कमरेला नायलॉनची दोरी. मास्क नाही, काही नाही. मी ओरडून थांबवलं. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तर वास येतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं हवा बरी झाली, आणि तो दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. शाळेच्या प्रयोगशाळेत या वायूची लहानशी नळी तयार करतानाही आम्ही खिडक्या उघड्या ठेवायचो. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं गटारात, टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई द्यायची असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. त्या दोघांना यातलं काही कोणी सांगितलेलं नव्हतं. शर्ट काढलेला म्हणाला, "मॅडम, आम्ही नेहमीच उतरतो."

नव्यांनी त्या पंपाला गाइड पाइप आणि साखळी बसवली. आता चोकअप झालं की पंपच वर येतो, माणूस खाली जात नाही. खर्च ३८ हजार आला. कमिटीत एकाने कुरकुर केली, मी ते बिल त्याच बैठकीत मंजूर करून घेतलं. गाळ उपसायच्या दिवशी गॅस मोजायचं यंत्र दोरीने आत सोडतात, बाहेरून हवा मारतात, तरीही कोणी उतरत नाही. फक्त एवढ्या गोष्टीसाठी मी त्यांना पुन्हा नेमेन.

एक गुण का कापला, तेही नीट सांगायला हवं. ऑपरेटर दोन, बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि सुट्टीला बदली माणूस नाही. संक्रांतीला मुलगा गावी गेला तर चार दिवस रात्रपाळीवाल्यानेच दिवसही काढला. झोपेने त्याचे डोळे लाल झालेले मी बघितलेत. इंजिनिअरला दोनदा बोलले, दोनदा हो म्हणाली, झालं नाही. गाळ दाबून सुकवायचं फिल्टर प्रेस जानेवारीत तीन आठवडे बंद होतं आणि गाळाच्या गोण्या पार्किंगमध्ये पडून होत्या. कार्बन फिल्टरच्या कोळशाचं बिल त्यांनी बाजारभावाच्या दीडपटीने लावलं. मी दोन ठिकाणी चौकशी करून कागद समोर ठेवल्यावर कमी केलं. आणि लॅबचा नमुना तेच घेतात, तेच पाठवतात. यावर आम्ही आमचा उपाय काढला : तीन महिन्यांतून एकदा, न सांगता, कमिटीतले दोघं जण नमुना घेतात आणि दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबला स्वतः नेऊन देतात. आजवर तीन वेळा नेला. बीओडी १४, ९ आणि ७. पहिला १४ आला तो ऑगस्टमध्ये, टाकी सावरत असताना, आणि कंपनीने तो नाकारला नाही. मला त्या १४ वर आधीच्या सगळ्या ८ पेक्षा जास्त विश्वास आहे.

पैशांचं : करार महिन्याला ५२ हजार, म्हणजे आधीपेक्षा १८ हजार जास्त. वीज साधारण ४० हजार, तीही वाढली, कारण ब्लोअर आता खरोखर चालतो. दुसऱ्या बाजूला, आमच्याकडे फ्लशची लाइन वेगळी आहे, पण शुद्ध केलेल्या पाण्याला वास यायचा म्हणून गेली कित्येक वर्षं तिच्यात टँकरचं पाणी पडत होतं. ६०० माणसांच्या फ्लशला रोज साधारण २७ हजार लिटर लागतं. ऑक्टोबरपासून ते सगळं प्लांटचं. गेल्या एप्रिलला १४८ टँकर आले होते, या एप्रिलला ६६. दहा हजार लिटरचा एक टँकर आम्हाला १,३०० ला पडतो, हिशोब तुम्हीच मांडा. बाग त्याच पाण्यावर, उरलेलं महापालिकेच्या ड्रेनेजला.

एका शेजाऱ्यांनी मला विचारलं की महापालिकाच नदीत सोडते, तिथे आपल्या ६५ हजार लिटरने काय होतंय. प्रश्न प्रामाणिक होता. महापालिकेची जुनी केंद्रं मिळून क्षमता ५६७ एमएलडी, म्हणजे रोज ५६.७ कोटी लिटर होती, आणि ती शहराला पुरी पडली नाही म्हणूनच २०१६ मध्ये जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जाचा ९९० कोटींचा प्रकल्प ठरला : ११ नवी केंद्रं, ३९६ एमएलडी. तो किती रेंगाळला हे पुणेकरांना सांगायला नको, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण आमच्यासारख्या हजार सोसायट्यांचं पाणी धरलं तर ६५ एमएलडी होतं. एरंडवण्याचं सरकारी केंद्र ५० चं आहे. २० हजार चौरस मीटरवरच्या प्रत्येक बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेपासून पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीत एसटीपीची अट असते. म्हणजे बाणेर, बालेवाडी, खराडी, वाघोलीत बेसमेंटा-बेसमेंटांत हे प्लांट बांधून तयार आहेत. पैसे आपण फ्लॅटच्या किमतीत कधीच भरलेत. ते रात्री चालू असतात का, एवढंच बघायचं उरलंय, आणि ते बघायला महापालिका येणार नाही.

करार आम्ही पुढच्या वर्षासाठी त्यांच्याशीच करतोय. मसुद्यात तीन ओळी मी वाढवल्यात : तिसरा ऑपरेटर, म्हणजे आठ तासांची पाळी; ब्लोअरला वेगळं वीजमीटर, त्याचं रीडिंग रोज बरणीच्या फोटोबरोबर; आणि टाकीत माणूस उतरवला तर त्याच दिवशी करार रद्द. तिसऱ्या ऑपरेटरसाठी महिन्याला १६ हजार वाढतात, घरटी शंभर रुपयेही नाहीत. रविवारी सकाळी दहाला क्लब हाउसमध्ये बैठक आहे. त्याआधी नऊला मी प्लांटवर असेन, ज्यांना बरणी बघायची आहे त्यांनी खाली या.